पुढून हुक असलेली बिकिनी

पोहण्याच्या कपड्यांच्या कारखान्यात धाकटीची सव्वीस वर्षं गेली होती. बिकिनीच्या नाना तऱ्हा तिच्या मशीनखालून सरकल्या होत्या. आधी बेंबी झाकणाऱ्या, रुंद पट्ट्याच्या; मग नुसत्या नाड्यांनी बांधायच्या, ज्यात कापडापेक्षा गाठीच जास्त; आणि आता फिरून पुन्हा उंच कमरेच्या. स्वतः मात्र ती कधी पाण्यात उतरली नव्हती. पोहणारी होती ती थोरली. शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवण्यात तिचा जन्म गेला होता.

गेल्या वर्षी थोरलीचा डावा स्तन काढावा लागला. उपचार संपले, पोहायला हरकत नाही असं डॉक्टरही म्हणाले, तरी ही तलावाचं नाव काढेना. मग एका रविवारी आपणहून धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला बिकिनी शिवून दे."

धाकटीने हातातला चहा खाली ठेवला. "ताई, अंगभर शिवते ना. सगळं झाकलं जाईल."

"झाकायचंय कुणाला? अंगभर कपडा खालून वर ओढावा लागतो, आणि हा हात खांद्याच्या वर जात नाही. काल निम्म्यात अडकले. तुझ्या भावोजींना हाक मारली, तर ते बिचारे कुठून ओढू हेच विचारत बसले."

दोघी हसून हसून बेजार झाल्या. मग धाकटीने मापाची टेप काढली. व्रणापाशी तिची बोटं घुटमळली.

"घे नीट. दुखत नाही आता," थोरली म्हणाली.

धाकटीने माळ्यावरून जुने कागदी साचे खाली काढले. रुंद पट्ट्याचा साचा निवडला, खांदे जाड केले, मागचा हुक पुढे आणला. डाव्या बाजूला आतून खिसा ठेवून त्यात छोटी गादी बसवली. चारदा उसवलं, चारदा शिवलं. अंगात घातल्यावर थोरली आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. "एकटीने घातली मी," एवढंच म्हणाली.

बायकांच्या वेळेला दोघी तलावावर गेल्या. थोरली पायऱ्यांनी उतरली, दहा हात गेली आणि डावीकडे कलायला लागली. गादीतला कापूस पोटभर पाणी प्यायला होता. सव्वीस वर्षं पाण्यातले कपडे शिवणाऱ्या बाईने आत कापूस भरला होता. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, बाहेर ये. मी फोमची करून देते."

थोरली काठाशी आली. खिशात बोटं घालून तिने गादी उपसली, पिळली आणि धाकटीच्या हातात दिली. "धर जरा. आलेच मी."

आणि ती गेली. एक बाजू सपाट, खांद्याला झेपेल तेवढाच हात फाकवत, पण सरळ रेषेत. पलीकडच्या काठाला हात लावून वळली, तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू होतं ते धाकटीने वर्षभरात पाहिलं नव्हतं. हातातल्या गादीतलं पाणी मांडीवर ठिबकतंय याचं तिला भानच राहिलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत एका तरुण बाईने थोरलीला थांबवलं. "हे कुठे मिळतं हो? माझ्या आईचंही ऑपरेशन झालंय."

"माझी बहीण शिवते. फक्त तिला कापूस घालू देऊ नका."

धाकटी लाजली, पण लगेच सावरून म्हणाली, "रविवारी आईला घेऊन या. माप अंगावरच घ्यावं लागतं."