पडद्यामागचा दुसरा पट

चिकलठाण्याच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी लग्न नव्हतं, तरी माणूस मावत नव्हता. दारात चपलांचा डोंगर, आत उदबत्तीचा धूर आणि माइकवर कडूबा. कडूबा एरवी लग्नात आहेर पुकारतो. त्या दिवशी चमत्कार पुकारत होता.

"बोला, पटनाथ महाराज की जय! मोठमोठे खेळाडू आले, समद्यांनी चुका केल्या! कोण करवतं या चुका?"

"महाराज!" माणसं ओरडली.

स्टेजवर बुद्धिबळाचा पट मांडलेला, चारी कोपऱ्यांत भंडाऱ्याची चिमूट. दुसरा पट बाजूच्या वधूपक्षाच्या खोलीत, आणि मधल्या दाराला जाड पडदा. का? तर दोन बुद्ध्या एकमेकींना दिसल्या की बांधता येत नाहीत म्हणे. महाराज पडद्यातून आत-बाहेर करत दोघांशी एकाच वेळी खेळणार आणि निदान एकाला तरी हरवणार. दुसरा जिंकला तर ती महाराजांची दया. दोन्ही डाव बरोबरीत सुटले तर दुप्पट दया. इतकी सोयीची दया मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

पडद्यापाशी साक्षीदार म्हणून मला बसवलं होतं. आता मी कोण? तर ज्यानं एका उन्हाळ्यात तहान अनावर होऊन अर्धं जायकवाडी धरण पिऊन टाकलं, तो मी. माझ्या थापा ऐकायला गाव जमतं, पण माझ्या शब्दावर गावातलं कुत्रंही शेपूट हलवत नाही. नेमका असा माणूस साक्षीला निवडला, तिथंच महाराजांची हुशारी मला कळायला हवी होती.

खोलीत बसले होते नानासाहेब, गणिताचे निवृत्त मास्तर. आसपासच्या पोरांना ते बुद्धिबळ शिकवतात. स्टेजवर बसली होती त्यांचीच शिष्या प्रांजली, आठवीतली. नुकतीच जिल्ह्यात पहिली आलेली. तिचे वडील खंडेराव. वाडवडील मेंढरांमागं हिंडले, लहानपणी हेही; आता कंपनीत मशीनवर. स्पर्धेआधी त्यांनी महाराजांचा गंडा आणून पोरीच्या मनगटाला बांधला. पोरगी जिंकली आणि मठातून निरोप आला: "ती नाय जिंकली. समोरच्या पोरीनं चूक केली. ती आम्ही करवली."

खंडेरावांना ते पटलं. इतकं पटलं, की त्यांनी माइकवरून सगळ्यांदेखत शब्द दिला: आज महाराजांनी दोघांपैकी एकाला जरी हरवलं, तर पोरगी नानासाहेबांकडं जायची बंद. पुस्तकं बंद, सराव बंद. मठात बसून सेवा करायची, स्पर्धेपुरतं बाहेर यायचं. चुका महाराजच करवणार असतील, तर पोरीनं डोकं कशाला शिणवायचं?

प्रांजली गंड्याशी चाळा करत बसली.

खेळ सुरू झाला. आत नानासाहेबांकडं पांढरी मोहरी, बाहेर प्रांजलीकडं काळी. महाराज आत जायचे, डोळे मिटून पुटपुटायचे, बाहेर येऊन एक चाल करायचे. प्रांजलीनं उत्तर दिलं की पुन्हा आत. प्रत्येक फेरीला टाळ्या. मला तर वाढप्याची आठवण झाली.

मग महाराजांनी राजापुढचं कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवलं आणि प्रांजलीचं उत्तर घेऊन ते आत गेले. प्रांजली एकदम ताठ बसली.

"काकासाहेब," ती हळूच मला म्हणाली, "ही तर सरांची खिडकी."

"कसली खिडकी गं?"

"सर प्रत्येक डावात हे प्यादं सरकवतात. राजाला खिडकी पायजे, जीव गुदमरतो म्हणतात. गरज नसली तरी सरकवतात. आम्ही पोरं लई हसतो त्यांना. जरा आत बघा ना."

मी पडद्याची कड उचलली. मला पटावरचं फारसं कळत नाही, पण नानासाहेबांचं ते प्यादं तसंच एक घर पुढं होतं. हत्ती तिथंच, घोडे तिथंच. माझं तोंड बघूनच पोरीला काय ते समजलं.

तिला समजलं ते मला नंतर उलगडलं. ती महाराजांशी खेळतच नव्हती. पडद्याच्या दोन बाजूंना गुरू आणि शिष्या एकमेकांशी खेळत होते, आणि कुणीही जिंकलं तरी पोरगी मठातच जाणार होती. तिला वाचवायला आलेला मास्तर एकेक चाल विचारपूर्वक करत तिलाच कोंडत होता.

महाराज बाहेर आले, त्यांनी चाल केली. प्रांजलीनं बराच वेळ पटाकडं पाहिलं. मग वजीर उचलला आणि समोरच्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला.

"बांधली!" कडूबा माइकवर किंचाळला. "पोरीची बुद्धी बांधली! वजीर फुकट दिला!"

भंडारा उधळला गेला. खंडेरावांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले. महाराज हसले आणि पडद्याकडं वळले.

"महाराज, कुठं चालले?" प्रांजलीचा आवाज माइकनं पकडला. "वजीर मोकळा हाये. मारा की."

"आज्ञा घेऊन येतो, बाळ."

"कुणाची? चूक तुम्हीच करवली ना? मग वजीर कशानं मरतो ते बी ठावं असंल."

मी माझी काठी दारात आडवी धरली. "महाराज, आत जाता यायचं नाय. पडद्याला कुलूप लागलंय."

आता माणसं हसली. महाराजांच्या कपाळावरचा भंडारा घामानं ओघळला. शेवटी त्यांनी उंट उचलला आणि हत्तीसारखा सरळ ढकलला.

"उंट तिरपा चालतो, महाराज," प्रांजली म्हणाली. उठली आणि तिनं पडदा ओढून काढला.

शेवटची चाल सोडली तर दोन्ही पट हुबेहूब सारखे. नानासाहेबांची चाल बाहेर, प्रांजलीची आत. महाराज नुसते हमाल. दोन माणसांना असं एकमेकांशी लढवलं, की एक हरणार किंवा दोघं बरोबरीत सुटणार. त्याला मंत्र लागत नाही, पडदा लागतो. नानासाहेब दोन्ही पटांकडं बघत राहिले. "अगं, मी तुलाच हरवत होतो?" एवढंच बोलले.

महाराज स्वयंपाकघराच्या दारानं गेले. तुम्हाला वाटेल, लोकांनी पोरीला डोक्यावर घेतलं. छे! कडूबानं माइक सोडला नाही. "ते समदं ठीक हाये. पण वजीर तर गमावला ना पोरीनं?" आणि अर्ध्या माना डोलल्या.

बाहेर खंडेरावांनी पोरीला विचारलं, "मंग जिल्ह्याला त्या पोरीनं चूक केली, ती कुणी करवली?"

"मी."

"तू? कशी?"

"आप्पा, मेंढरू वाघुरीच्या जाळीत कसं घालता? उचलून? तुम्ही तीन बाजूंनी उभे राहता, मंग ते चवथ्या बाजूनं आत जातं. चुकून जातं का?"

मेंढरांच्या जाळीचं खंडेरावांना कुणी सांगायला नको होतं. मला वाटलं, आता हा माणूस गंडा तोडणार. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला, गंड्याची सुटत आलेली गाठ पाहिली आणि पुन्हा घट्ट बांधली. "क्लासला जा. पर हे बी असू दे. बांधलेलं बरं."

परवा क्रांती चौकात नवा बॅनर दिसला. पटनाथ महाराजांचा फोटो, शेजारी प्रांजलीचा. वजीर पुढं ठेवतानाचा. खाली मोठ्या अक्षरांत: "जिल्हा विजेतीनं स्वहस्ते वजीर अर्पण केला." कार्यक्रम पैठणला आहे.

समोरच्याच्या चुकीशिवाय डाव जिंकता येत नाही, हे महाराजांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण चुकीची वेळ यावी म्हणून माणूस वर्षानुवर्षं पटावर खपतो, आणि चूक झाली की ती दिसायला डोळे तयार लागतात. ते कष्ट त्या पोरीचे होते. महाराजांनी ते ढापले, आपण टाळ्या वाजवल्या, आणि बापानं गाठ मारली.

पैठणला जाणार असाल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी धरण प्यालेला माणूस. महाराजांवरही ठेवू नका. तिथं पडदा असेल. उठा, पुढं जा आणि तो आपल्या हातानं बाजूला करा.