दमणची तयारी

नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत. मी घेणार. नवल. त्या दिवशी त्याने जे केलं, त्यानंतर आडपडदा कसला ठेवायचा?

मला पावसाळ्यापासून खोकला होता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, फुप्फुस कमजोर झालंय, दोन महिने समुद्राच्या हवेत ठेवा, माणूस ठणठणीत होईल. त्यांच्या ओळखीची एक ख्रिस्ती विधवा दमणला राहत होती. तिच्या बंगल्यात खोली मिळणार होती. नवऱ्याने सोबत राहावं, एकटी ठेवू नका, असंही त्यांनी बजावलं. क्षय हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो आमच्या घराने उच्चारला. आमच्या गावी, कोरीटला, बैलगाडी पोचायच्या आत माझं ताट वेगळं झालं होतं आणि लोटा गोठ्याच्या कोनाड्यात गेला होता.

दमण म्हणजे फिरंग्यांचं राज्य. सुरतेला गाडी बदलायची, वापीला उतरायचं, तिथून टांग्याने नाक्यापर्यंत. नाक्यावर त्यांचे शिपाई वळकट्या उलगडून बघतात. पैसा त्यांचा वेगळा. विहिरीचं पाणी मचूळ, वाळू भाकरीतही शिरते, आणि खाऱ्या पाण्यात पाय भिजवले की रात्री तिळाचं तेल चोळल्याशिवाय कातडी तडकते. ही सगळी माहिती नवलने डॉक्टरांकडून आणली आणि ओट्यावर बसून अशी सांगितली, जणू तोच फिरंग्यांचा दिवाण.

मग तयारीला जोर आला. माझ्या सासूने, भिकुबाईने, घरात आजवर कुणासाठी केली नसेल एवढी तयारी माझ्यासाठी केली. कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, बिबडे, सुंठ, ओवा, तेलाची बरणी. गवऱ्यासुद्धा एका पोत्यात भरल्या. शेवटी मिठाचं गाडगं आलं तेव्हा मला हसू फुटलं. समुद्राकाठी जाणाऱ्या बाईला ही घरचं मीठ देत होती!

"हसू नको वं," सासू म्हणाली. "फिरंगीना मुलखमा जाई ऱ्हायनी. त्यासनं मीठ तोंडमा जावाले नको."

मला बरं वाटलं, खरंच सांगते. वाटलं, माझ्यासाठी हिचा जीव तुटतोय. असली मूर्ख मी.

माझी मोठी जाऊ छबूबाई भांडी बांधत होती. ती इतकी गोड कधीच बोलत नसे. जाण्याच्या दिवशी सकाळी मी पोत्याजवळ गेले आणि सहज आत डोकावले. ताट एकच होतं.

"अक्का, ताट एकच दिखी ऱ्हायनं," मी म्हटलं.

"नवल खानावळमा खाई ली," ती म्हणाली, आणि पोत्याचं तोंड घाईघाईने आवळायला लागली.

मी तिचा हात बाजूला केला आणि पोतं ओट्यावर उपडं केलं. परात, तपेली, गडवा, कळशी, मोठा हंडा, आणि सर्वांत तळाशी लुगड्यात गुंडाळलेली समई. एकूण एक भांड्यावर माझ्या बापाचं नाव कोरलेलं. दोधू, रनाळे. सासरचं एकही भांडं त्यात नव्हतं, आणि माझ्या माहेरचं एकही मागे राहिलं नव्हतं.

आमच्या घरात सुनेच्या नावाची सगळी भांडी दोनदाच एका ठिकाणी येतात. लग्नात मांडवात मांडतात तेव्हा, आणि सुनेला कायमची घालवून देतात तेव्हा. माझ्या चुलत सासूची अशीच गेली होती, गाडीतून, उन्हात चमकत. मी स्वतः ती उचलून दिली होती. म्हणजे दमणहून मी या घरात परत येणार नव्हते. बरी झाले तरी नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्याबाई," मी ओरडले, "दोन महिनासाठे हंडा कसाले? समई कसाले?"

सासू देवघराच्या दारात आली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"तुन्हा बापनं दिधेल शे, तुन्हासंगे जाऊ दे. आठे कोन वापरी आते?"

नवल ओट्याच्या कडेला बसून चपलेचा अंगठा बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. मूग गिळून बसणं त्याला जन्मापासून जमतं.

मी रडले नाही. हंडा घडवंचीवर ठेवला, परात फळीवर, तपेली चुलीजवळ, समई देवघरात. मग घरची भांडी काढली, माझ्या सासऱ्यांचं नाव असलेली. हिलाल, कोरीट. तीच पोत्यात भरली. दोन ताटं, दोन वाट्या. शेवटी सासूच्या उशाशी असायचा तो पितळी लोटा उचलला. सासरे गेल्यापासून त्याला तिच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता.

"तो मन्हा लोटा शे!"

"शे ना. म्हनीसनच लिधा. परत लई येसू."

छबूबाई तोंडाला पदर लावून मागे सरकली. मी खोकत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळी जरा जास्तच खोकले.

रेवजी गाडीवान बैल जुंपून उभा होता. गल्लीतल्या बायका ओट्यांवर जमल्या. मी गाडीत चढले, पाण्याने भरलेला लोटा मांडीवर घेतला. नवल मात्र वळून घरात गेला. चला, याला वळकटी आठवली, असं मला वाटलं. एवढ्या सगळ्यानंतरही वाटलं.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात माझी समई होती.

"हाई राही गयी," तो म्हणाला.

मी गाडीतून उतरले, समई त्याच्या हातातून घेतली आणि सासूच्या अंगाला अंग घासत देवघरात शिरले. तेल घातलं, वात ओढली, भर दुपारी ती लावली. मग नवलची गोधडी दोरीने आवळली, काखेत मारली आणि बाहेर येऊन गाडीत फेकली.

"बठा," मी म्हटलं.

एवढ्या बायका बघत होत्या. तो बसला. सासूने कडाकडा बोटं मोडली, ती मला गाडीच्या खडखडाटातही ऐकू आली.

कोरीट मागे पडलं. चैताचं ऊन होतं, रस्त्याला झाडाचं नाव नाही, धूळ नाकातोंडात. मी जिंकले होते. भांडी घरात होती, समई जळत होती, नवरा शेजारी होता. पहिल्यांदाच मला दमणचा विचार आनंदाने करावासा वाटला. ती वाळू, तो बंगला, सकाळी दोघांनी पाण्याच्या कडेने चालायचं. मी लोटा तोंडाला लावून घोटभर प्याले आणि त्याच्यापुढे धरला.

"पी ल्या."

त्याने लोट्याकडे पाहिलं. माझे ओठ जिथे लागले होते त्या कडेकडे पाहिलं. मग मान फिरवून तो बैलांकडे बघायला लागला.

"माले पानीनी तीस नही."

त्याचे ओठ उन्हाने फुटले होते आणि तो जिभेने ते ओले करत होता. मी लोटा पुन्हा तोंडाला लावला आणि त्यातलं पाणी एकटीने संपवलं.