मानद गोरा

लासेल्सला गोरं करायचं घाटत होतं, आणि तेही रीतसर, सहीशिक्क्यानिशी.

"दक्षिण आफ्रिकेतलं मोठं हॉटेल आहे," एजंट डेनिसन म्हणाला. "तिथे काळ्यांना राहू देत नाहीत, म्हणून दौऱ्यापुरता तू मानद गोरा. नुसती कागदावरची गोष्ट रे."

"आणि ही हॉर्टेन्स?" लासेल्सने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याच्या मागे उभी राहून सूर धरणारी मी.

"तीसुद्धा."

मला फिस्सकन हसू आलं. माझ्यापेक्षा तव्याचं बूड उजळ! पण खरं सांगते, मला जायचं होतं. पोलिसांनी धरून लासेल्सच्या जटा कापल्या, त्या संतापात त्याने गाणं केलं होतं आणि त्यावर सगळं किंग्स्टन पेटून नाचलं होतं. त्याला वर्षं लोटली. आता रेडिओवाले त्याला ओळखही देत नव्हते. हा दौरा हुकला तर रेगे संगीताच्या दुनियेत आम्हाला कुत्रं विचारणार नव्हतं. पण तिथल्या वर्णभेदाच्या निषेधात तिकडे गायचं नाही, असं पुष्कळ गायकांनी ठरवलेलं. म्हणून सही न करता तो नुसत्या येरझाऱ्या घालत होता. बघून माझंच डोकं उठायचं.

"तिकडच्या काळ्यांसाठी गाईन ना मी," तो म्हणायचा. "येतील की ऐकायला."

"येतील तर. भांडी घासायला."

"मग तू कशाला बॅग भरतेस?"

"माझं तोंड वेगळं, पोट वेगळं."

आम्ही राहायचो त्या आवारात बातमी फुटली आणि लोकांना चेव आला. तो नळावर गेला की बायका बादल्या मागे ओढायच्या. "सरका गं, साहेब आले! आमचं पाणी उडेल अंगावर!" डोमिनोच्या टेबलाशी पुरुषांनी त्याची खुर्ची उचलून पार कुंपणाशी नेऊन ठेवली. "ती गोऱ्यांची."

पहिल्यांदा तोही हसला. मग भडकला. "अरे, अजून सही कुठे केलीय मी?"

"मग करून टाक एकदाची. कसं वागायचं ते आम्हालाही कळेल."

त्याची आई, इसिल्डा मावशी, या चेष्टेत कधी पडली नाही. रविवारी तिने आम्हाला जेवायला बोलावलं. भाजलेला नीरफणस, खारी मासळी. टेबलावर आम्हा दोघांची ताटं, ठेवणीतली. स्वतःचं ताट तिने मागच्या पायरीवर मांडलं.

"आई, आता तूसुद्धा?"

"मी चेष्टा करत नाहीये, बाळा." ती पायरीवर टेकली. "टेकडीवरच्या बंगल्यात जन्मभर इस्त्री केली, आणि जेवले ती अशीच मागच्या दारी. त्या लोकांचा राग यायचा मला. पोटच्या पोराचा राग यायला नको, म्हणून आत्तापासून सवय करतेय."

मी हातातला घास ताटात ठेवला. लासेल्स ताटाला न शिवता उठला आणि तरातरा कोपऱ्यावरच्या दुकानात, फोनपाशी गेला. मी धावले मागे. "अरे थांब! डोकं थंड कर! माझाही विचार कर जरा, मेल्या!"

त्याने नंबर फिरवला. "डेनिसन, कागदात चूक झालीय. मला गोरा लिहिलंय. मी काळा आहे. तसं लिहून घेत असतील तर येतो."

पलीकडचं हसणं मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू आलं. मग फोन आपटल्याचा आवाज.

लासेल्स फोन धरून उभाच. "संपलं गं आपलं, हॉर्टी."

"संपलंच," मी म्हटलं आणि भर दुकानात मला रडू फुटलं. त्याला नाही नाही ते बोलले. आणि बोलता बोलता आत कुठेतरी इतकं बरं वाटत होतं, की त्या बरं वाटण्याचाच मला जास्त राग येत होता.