लोटलेलं दार

"इलो रे, तुझो बापूस इलो! बघ, सगळी घेतल्यान!"

कमलाबाईंनी नवऱ्याच्या फोटोपुढे हात जोडले. दौलतच्या फोटोखाली केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्यांची आमटी आणि भात वाढला तसाच होता. पानाशेजारचा काचेचा ग्लास मात्र रिकामा होता.

काळाचौकीच्या त्या खोलीत पितृपक्षातली रीत ठरलेली होती. गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं वाढायचं, दारूसुद्धा. मग सगळ्यांनी गॅलरीत यायचं आणि दार लोटून घ्यायचं. जेवणाऱ्याला संकोच नको. कठड्यावर कावळ्याचं पान, म्हणजे वाडी, ठेवायची आणि कावळा शिवला की दार उघडायचं.

जयवंत ग्लासाकडे बघत राहिला. दर वर्षी तो ग्लास कोण संपवतं, हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं. काडेपेटी राहिली, पाणी ठेवायचं राहिलं, असं काहीतरी पुटपुटत तो आत शिरायचा आणि एका दमात ग्लास मोकळा करून बाहेर यायचा. म्हातारी म्हणायची, इलो. यंदा तो आत गेला नव्हता. गणपतीच्या आधीपासून त्याने थेंबालाही हात लावला नव्हता.

"तोंड उघडा," लक्ष्मी हळूच म्हणाली. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्याने तोंड उघडलं. तिने वास घेतला, पुन्हा घेतला. "धूप, तळण, दारू, सगळ्या खोलीलाच वास आहे. काय कळणार?"

"अगं, मी कठड्यापाशीच होतो. ओवी, होतो ना गं मी?"

"मी कावळ्याकडे बघत होते, पप्पा," ओवी म्हणाली.

लक्ष्मीने पदराला हात पुसले. "सोडलीत तेव्हाच मी सांगितलं होतं. पुन्हा झालं तर ओवीला घेऊन भावाकडे, डिलाईल रोडला. संध्याकाळी भरते बॅग."

जयवंतला सगळं आठवत होतं. दाराची कडी, कावळ्याची वाकडी मान, ओवीची वेणी. पण किती तरी सकाळी त्याला असंच सगळं आठवलेलं होतं, आणि ते खोटं निघालं होतं. ज्याला विसरायची सवय, त्याने स्वतःच्या आठवणीला साक्षीला कसं बोलवायचं?

राकेश त्याच्याबरोबर करी रोडच्या टॉवरमध्ये लिफ्टवर कामाला होता. त्यानेच जयवंतला दारू सुटण्यासाठी एक जागा सांगितली होती. जयवंत एकदा त्या फाटकापर्यंत जाऊन परत आला होता. आज दिवेलागणीला तो पुन्हा तिथे गेला. ती लहान मुलांची शाळा होती. वॉचमनने त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत बोट केलं.

व्हरांड्यात दोरीवर मुलांनी केलेले कागदी मुखवटे वाळत होते. वारा नव्हता, तरी ते एकेक करून त्याच्याकडे वळल्यासारखे वाटले. टोकाच्या वर्गात उजेड होता. भिंतीवर मुळाक्षरं, आणि पहिलीच्या पोरांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली मोठी माणसं. प्रत्येकापुढे चहाचा कप. मधल्या एका बाकावर कोणी नव्हतं. पण वाफाळता कप तिथेही होता.

जयवंत दारातच थबकला. "हा कोणासाठी?"

"जो अजून आला नाही, त्याच्यासाठी," पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ म्हणाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत होते.

"जिवंत की मेलेला?"

"ते आम्ही विचारत नाही. बस."

त्याची पाळी आली. नाव सांगून पुढे इतर जे म्हणत होते, 'मी दारुडा', ते त्याला जमेना. "मी जयवंत. आज मी प्यायलो की नाही, मला माहीत नाही." मग दर वर्षीचा ग्लास, लोटलेलं दार, आजचा ग्लास, आईचे जोडलेले हात, सगळं त्याने सांगून टाकलं.

कोणी हसलं नाही. मग कोपऱ्यातला विकास म्हणाला, "मी एकदा सकाळी उठलो तर पायात दुसऱ्याच्याच चपला. कोणाच्या, ते अजून माहीत नाही भाऊ. मापाच्या निघाल्या, म्हणून घालतो." तेव्हा मात्र सगळे हसले. जयवंतसुद्धा.

अण्णांनी विचारलं, "आत्ता शरीर मागतंय?"

"मागतंय. ते रोजच मागतं."

"एक घोट गेला की ते वाढतं. रोजच्यापेक्षा जास्त मागतंय?"

जयवंतने डोळे मिटून पाहिलं. "नाही."

"मग आज इथे आलास, तेवढंच आपल्याला नक्की माहीत आहे. ग्लासाचं मी कसं सांगू?"

मीटिंग संपली. नव्याने आलेल्याने कप विसळायचे, अशी तिथली पद्धत. जयवंत बादलीशी बसला असताना फोन वाजला.

"कुठे आहात?" लक्ष्मीचा आवाज कोरडा होता.

"शाळेत. पहिलीच्या वर्गात."

राकेशने ही जागा तिलाही सांगितली होती. ती म्हणाली, "भात झाकून ठेवते. बॅग नाही भरली अजून."

सगळे कप विसळून झाले. मधल्या बाकावरचा तेवढा राहिला. चहा काठोकाठ तसाच होता, वर साय धरलेली. जयवंतने तो उचलला, मोरीपर्यंत नेला, आणि ओतायला त्याचा हात वळेना. बाबांना त्याने चहा पिताना पाहिलंच नव्हतं. त्यांना कोणी विचारला तरी होता का?

त्याने कप परत बाकावर ठेवला. दिवा तसाच राहू दिला. बाहेर येऊन दार लोटून घेतलं आणि मुखवट्यांखाली भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

अण्णा कुलूप घेऊन आले. "झालं का रे?"

"थोडं थांबा, अण्णा."

अण्णांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कुलूप खिशात टाकून तेही शेजारी उभे राहिले. आत एखादा बाक हलकेच करकरला. दोघांपैकी कोणीही दार उघडून पाहिलं नाही.