समोरचा प्लॅटफॉर्म

नीळकंठ पेंडके कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. लेकीने टेबलावर नकाशा पसरला की त्यांची बोटं आपसूक त्यावर फिरू लागत. कांचन मेट्रोच्या भुयारी स्थानकांवर इंजिनियर होती आणि पिपलानी वसाहतीतल्या घरात बापलेक दोघंच राहत. पण जुन्या शहराखालच्या, रेल्वे स्टेशनलगतच्या या स्थानकाचा नकाशा पाहताच बाबांनी हात मागे घेतला.

"रूळ मधोमध आणि प्लॅटफॉर्म दोन बाजूंना? असं कशाला? मध्ये एकच रुंद प्लॅटफॉर्म ठेव की."

"त्यासाठी रूळ फाकवावे लागतात, बाबा. खोदकाम वाढतं, आणि वर रस्ता अरुंद. आता तर स्लॅबही टाकून झालेत."

"मग इकडच्या माणसाला तिकडे जायचं असलं तर?"

"जिना चढून तिकीट हॉलमध्ये यायचं, पलीकडच्या जिन्याने उतरायचं."

"आणि जिना माणसांनी भरला असला तर?"

कांचन हसली. बाबा हसले नाहीत.

आई गॅसकांडात गेली, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या दुपारी बाबांनी उरलेलं सांगितलं. नागपूरला जायचं म्हणून तिघं त्या रात्री रेल्वे स्टेशनवर होते. तीन वर्षांची कांचन दुधासाठी रडत होती, म्हणून बाबा तिला घेऊन पुलावरून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेले. तेवढ्यात डोळे जळू लागले, लोक धावत सुटले, पूल गच्च भरला. रुळांपलीकडे कांचनची आई नलिनी हिरव्या शालीत ट्रंकेजवळ उभी राहून हात करत होती.

"मी ओरडलो, 'तिथंच थांब, मी येतो!' आणि तुला घेऊन बाहेर पळालो. सकाळी परत गेलो तर फक्त ट्रंक. ना दवाखान्यात, ना मृतांच्या यादीत. ती थांबली गं. मी सांगितलं म्हणून थांबली."

तेव्हापासून त्यांनी एकच हट्ट धरला: स्थानक दाखव. शेवटी एका सकाळी हेल्मेट घालून बाबा तिच्याबरोबर खाली उतरले. रूळ अजून टाकायचे होते. दोन प्लॅटफॉर्मांच्या मधोमध रिकामा खोल चर होता. कामगार दूरच्या टोकाला होते.

बाबा थबकले. "कांचन, समोर बघ."

तिला सिमेंटचे खांब दिसले. मग दोन खांबांच्या मध्ये हिरवी शाल दिसली. त्या बाईने हात वर केला.

"तू इथंच..." बाबा बोलता बोलता गप्प झाले. त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. "नाही. चल माझ्याबरोबर."

दोघं जिना चढले, हॉल ओलांडला, उतरले. तिथे कुणीच नव्हतं. धाप लागून बाबा वळले, आणि कांचनच्या अंगावर सर्रकन काटा आला. शाल आता पलीकडे होती, मघाशी ते दोघं उभे होते त्याच जागी. ती बाई वाकून खांबांमागे शोधत होती.

"ती आपल्याला शोधत तिकडे गेली," बाबा पुटपुटले. "आपण तिकडे गेलो तर ती इकडे येईल."

आईचा आवाज कांचनला आठवत नव्हता. आईला हाक मारल्याचंही आठवत नव्हतं. तरी ती ओरडली, "आई, थांबू नकोस! वर ये! जिना रिकामा आहे!"

दोघं हॉलमध्ये येऊन उभे राहिले. पलीकडच्या जिन्यावर चपला वाजल्या. पायरीपायरीने वर आल्या, अगदी जवळ येऊन थांबल्या. बाबांनी हात पुढे केला. "नलू, माझं चुकलं."

कांचनच्या कपाळावरचे केस कुणीतरी मागे सारले. बोटं बर्फासारखी गार होती. मग चपला हॉलच्या दारातून बाहेरच्या उजेडाकडे निघाल्या आणि रस्त्याच्या आवाजात मिसळल्या.

बाबा धावले नाहीत. बराच वेळ ते त्या दारातून बाहेर पाहत राहिले.

पुढे मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते एकटेच तिथून गाडीत बसले. कांचन मात्र आजही त्या स्थानकावर उतरली की समोरच्या प्लॅटफॉर्मकडे पाहत नाही.