सातव्या हिरवळीवरची कबुली

दातवाल्या डॉक्टरांच्या डोक्यात गोल्फचं खूळ शिरलं ते एका दाढेपायी. दाढ त्यांची नव्हे, क्लबच्या अध्यक्षांची.

अध्यक्ष खुर्चीत आ वासून पडले होते, निम्मं तोंड बधिर, तरी बोलणं काही थांबेना. डोंगरापलीकडे, चांगला रस्ता संपतो त्याच्याही पुढे आमचा क्लब आहे म्हणाले. वर्षाचा बहुतेक काळ तिथं बर्फ. उन्हाळ्यात थोडे दिवस गवत दिसतं, तेवढाच काय तो सीझन. आणि मागून सभासदत्व मिळत नाही, आम्हीच माणूस हेरतो. एरवी पेशंट बोलायला लागला की डॉक्टर त्याच्या तोंडात कापूस कोंबत. त्या दिवशी त्यांनी कापूस काढून बाजूला ठेवला.

आता तुम्हीच सांगा, ज्या मैदानावर खेळण्यापेक्षा बर्फ उपसण्यात जास्त दिवस जातात, ते शहाण्या माणसाला कशाला हवं? पण डॉक्टरांना नेमकी त्याचीच भुरळ पडली.

"बारमाही क्लबात कुणीही सोम्यागोम्या जातो," ते घरी येऊन म्हणाले. "जो बंद असतो ना, त्याला खरा भाव."

"मग दवाखानाही बंद ठेवा," बायको म्हणाली. "दारात रांग लागेल."

ही बायको शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणे. भांडण झालं की डॉक्टरही बाईच म्हणत. बाईंना गोल्फचं वावडं नव्हतं. एका पांढऱ्या गोळीमागे प्रौढ माणसांनी मैलभर चालावं, चाला बापडे. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांची एकुलती एक लेक परदेशात एका प्रयोगशाळेत नोकरीला. तिची सुट्टी उन्हाळ्यात, बाईंच्या शाळेची सुट्टीही तेव्हाच. वर्षभर फोनवरचा आवाज आणि उन्हाळ्यात काय ते जितंजागतं माणूस. गेल्या वर्षी लेकीची सुट्टी ऐनवेळी रद्द झाली. बाईंनी तिच्यासाठी धुऊन-वाळवून ठेवलेल्या चादरी तशाच घडी घालून कपाटात गेल्या आणि त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. यंदा ती येणार होती. आणि मेला तो क्लबही उघडणार नेमका त्याच दिवसांत.

यंदा अध्यक्षांचं बोलावणं आलं. पण क्लबात जायचं तर जोडीनं. हा तिथला मूळ नियम. नवरा खेळणार आणि बायको मागून चालत त्याचं कार्ड भरणार, किती फटके झाले, किती चुकले. घरच्या माणसाच्या देखत कुणी खोटं खेळत नाही, असं म्हणे क्लबच्या संस्थापकांचं मत होतं. त्यांचं लग्न कसं होतं देव जाणे. शिवाय एकदा सभासद झालं की सीझनभर दोघांनीही वरच राहायचं. मुलंबाळं नाहीत, पाहुणे नाहीत, फोनला रेंज नाही.

"मला नाही यायचं," बाईंनी सांगून टाकलं.

"अगं, सभासद कुठं होतोय आपण! नुसतं बघून येऊ. नाव घालून ठेवू, पुढचं पुढच्या वर्षी बघता येईल. लेक यायची आहे परवा. उद्या संध्याकाळी आपण घरी."

"शपथ?"

"तुझी शपथ."

आपलीच शपथ घेतोय म्हटल्यावर बाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण दोन वर्षं हा माणूस लहान मुलासारखा त्या क्लबाचा जप करत होता. त्यांना दया आली.

क्लबाची एक कथा होती आणि ती डॉक्टरांनी घरात इतक्यांदा सांगितली होती, की बाईंना ती झोपेतही म्हणता आली असती. संस्थापक एकदा सातव्या खड्ड्याच्या हिरवळीवर खेळत होते. काठी चेंडूला टेकवणार तोच चेंडू जरासा हलला. कुणी पाहिलं नाही. पण संस्थापक ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "माझा चेंडू हलला. मला दंडाचा एक फटका लावा." तेव्हापासून प्रामाणिकपणा हे क्लबाचं ब्रीद. इथं कार्डावरचे आकडे नाही, माणूस बघतात, असं अध्यक्षांनी डॉक्टरांना डोळा मारून सांगितलं होतं.

डोळा मारला म्हणजे काय समजायचं ते डॉक्टर समजले. निघायच्या आधी आठवडाभर न्हाणीघराचं दार लावून त्यांचा सराव चालला होता. "माफ करा, माझा चेंडू हलला." मग घसा साफ करून जरा दुःखी आवाजात, "माफ करा हं, पण माझा चेंडू..." बाई बाहेर टॉवेल घेऊन उभ्या. हसावं की रडावं ते त्यांना कळेना.

तर ते दोघं वर पोचले. क्लब म्हणजे खाली एक लांबलचक लाकडी खोली, ओल्या मोज्यांच्या वासाची, आणि वर राहायच्या खोल्या. खुर्च्यांच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या. भिंतीवर जुन्या सभासदांचे फोटो, सगळे उन्हानं डोळे बारीक केलेले, जणू कुणी त्यांच्याकडे पैसे मागतंय. या खुराड्याला डॉक्टर "केवढी परंपरा!" म्हणाले. दारात अध्यक्ष, त्यांच्याशेजारी एक निवृत्त बँकवाले, एक फरशीवाले आणि तिघांच्या मागे तिघांच्या बायका. प्रत्येकीच्या हातात पेन्सिल. बाईंनाही एक मिळाली.

खेळाबद्दल काय बोलावं! डॉक्टर फटका मारताना कमरेत असे वाकायचे, की जणू एखादी हट्टी दाढ उपटताहेत. वितळलेल्या बर्फाची डबकी साचली होती, चेंडू प्रत्येक डबक्यात जाऊन आंघोळ करून येई. तरी अध्यक्ष "वा डॉक्टर, वा!" म्हणत. बँकवाले आपलेच फटके मोजताना अडखळत आणि त्यांची बायको मुकाट्यानं कमी आकडा लिही. बाईंनी ते पाहिलं. बाईंनी पाहिलंय हे तिलाही कळलं, आणि तिनं नजर गवताकडे वळवली.

सातवी हिरवळ आली. सगळे आपोआप गोल उभे राहिले, लग्नाला जमावेत तसे. वारा पडलेला. डॉक्टरांनी काठी चेंडूमागे धरली. चेंडू दगडासारखा जागच्या जागी होता. बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, त्यांची नजर शाबूत होती.

डॉक्टर ताठ झाले. घसा साफ केला.

"माफ करा. माझा चेंडू हलला. मला दंडाचा फटका लावा."

अध्यक्षांनी डोळे मिटून मान हलवली. मग ते बाईंकडे वळले. "वहिनी, कार्ड तुमच्याकडे आहे. तुम्ही पाहिलंत? हलला का?"

एक शब्द. "नाही" म्हटलं की संपलं असतं. पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचा, सगळे उन्हाळे वाचले असते. बाईंनी तोंड उघडलं. आणि त्यांना डॉक्टरांचे कान दिसले. पार लाल झालेले, मुलगी बघायला आले होते त्या दिवशी झाले होते तसे. एवढ्या माणसांत नवऱ्याचं नाक कापायचं कसं? जन्मभर दवाखान्याच्या फोनवर "डॉक्टर आत्ताच बाहेर पडलेत" असं सांगत आलेली जीभ, ती आपली सवयीनं चालली.

"हलला," बाई म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. बाईंना स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

चहाच्या आधी हात धुवायला बाई वर, त्यांना राहायला दिलेल्या खोलीत गेल्या. एका रात्रीपुरती दोन कपड्यांची पिशवी त्यांनीच भरली होती. पण पलंगाखाली दुसऱ्याच दोन मोठ्या बॅगा होत्या. त्यांनी एक ओढली. लोकरीचे कपडे, त्यांचा रेनकोट, जाड मोजे, वाचायचा जादा चष्मा. तळाशी त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, अख्खा सीझन पुरतील एवढ्या.

डॉक्टर दारात येऊन थबकले.

"हे काय आहे?"

"अगं, ऐक तर. निवड झाली की त्याच दिवसापासून हजेरी लागते. आधी सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसतेच आले! लेक परवा येतेय हो! दोन वर्षांनी येतेय!"

"तिला निरोप धाडलाय. किल्ली शेजारी ठेवलीय. फ्रिजमध्ये दूध आहे."

दूध आहे! पोरगी सामान ओढत दारात उभी राहणार, शेजारच्यांकडे किल्ली मागणार, आणि आत कोण, तर दूध. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही त्यांना राग आला. खाली चहाची घंटा वाजली. डॉक्टर म्हणाले, "चल, चारचौघांत तमाशा नको," आणि पुढे झाले.

टेबलावर चहा, बिस्किटं आणि नवी कोरी टाय. टाय डॉक्टरांसाठी. अध्यक्ष उभे राहिले. त्यांची दाढ आता ठणठणीत होती, त्यामुळे भाषण लांबलं.

"आता डॉक्टर आपल्यातलेच झाले, तेव्हा गुपित सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "त्या हिरवळीवर चेंडू कुणाचाच हलत नाही. जमीन तळहातासारखी सपाट आहे. येणारा प्रत्येक जण हलला म्हणतो. खोटं बोलायला काय, कुणीही बोलेल. आम्ही बघतो बायकोकडे. ती नवऱ्याच्या खोट्याला हो म्हणते का? जी म्हणते, तिच्या नवऱ्यासोबत सीझन सुखाचा जातो." त्यांनी चहाचा कप उंचावला. "वहिनी, तुम्ही पहिल्या नंबरानं पास!"

पुरुष हसले. डॉक्टर सगळ्यांत मोठ्यानं हसले, टायची गाठ मारता मारता.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आपली दया, आपली लाज, आपण गिळलेला शब्द, ही यांची प्रवेशपरीक्षा होती तर! वर्गात एखादं कार्टं नक्कल करताना सापडलं की बाई ज्या आवाजात बोलत, तोच आवाज बाहेर पडला.

"चेंडू हलला नव्हता."

"हो हो वहिनी, तेच तर मी म्हणतोय—"

"तुमचं सोडा. मी माझं सांगतेय. नव्हता हलला. हे खोटं बोलले आणि त्यांच्यामागून मी खोटं बोलले. कार्डावर मी तसंच लिहिणार."

मग बँकवाल्यांची बायको, जी आल्यापासून अवाक्षर बोलली नव्हती, तिनं कप खाली ठेवला.

"यांचाही नव्हता हलला," ती म्हणाली. "आणि आज फटके जेवढे लिहिलेत त्याच्या दुप्पट झालेत."

"अगं!" बँकवाले म्हणाले.

"आमच्यांनी तर त्या दिवशी चष्मासुद्धा घातला नव्हता," फरशीवाल्यांची बायको म्हणाली. "चेंडू हलला काय नि उडाला काय, यांना दिसणार होतं थोडंच!" तिला हसू फुटलं, आवरता आवरेना, बिस्किटाचा तुकडा हातातून पडला.

अध्यक्षांनी घाईघाईनं स्वतःच्या बायकोकडे पाहिलं. वयानं सगळ्यांत मोठ्या, शांत बाई. "तू तरी यांना सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या वेळी तिथं चेंडूच नव्हता. तुम्ही तो आधीच हरवला होता. तुम्ही 'हलला' म्हणालात, मी 'हो' म्हटलं. तेव्हापासून हो-हो करतेच आहे."

आता काय राहिलं होतं? बायका एकमेकींच्या हातावर टाळ्या देऊन हसत होत्या, पुरुष आपापल्या कपात बघत होते. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. चिडेल, ओरडेल, पण आपल्याकडे बघेल. म्हणेल, चल, पोरगी येतेय.

डॉक्टर अध्यक्षांकडे झुकले. एका हातानं टाय सांभाळत, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पण माझं सभासदत्व नक्की ना?"

बाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. इतकी वर्षं ज्याला सांभाळून घेतलं त्याला सांभाळायचं मनच उरलं नव्हतं, आणि ते गेल्याचं त्यांना दुःखही वाटेना, याचंच काय ते जरा वाईट वाटलं.

"नक्की, नक्की," अध्यक्ष कपाळ पुसत म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा फुलला. बाईंनी हँगरवरच्या त्यांच्या कोटाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली, वर जाऊन आपली छोटी पिशवी उचलून आणली. मोठ्या बॅगांना हात लावला नाही.

"अगं, निघालीस कुठं?" डॉक्टर अर्धे उठले. "माझं कार्ड कोण भरणार?"

"तुमचं तुम्ही भरा," दारात उभ्या राहून बाई म्हणाल्या. "मी माझ्या लेकीला आणायला चाललेय. रस्ता बंद व्हायच्या आत तुम्हाला न्यायला येईन. आठवण राहिली तर."