चार दिवसांत पिकलेलं भात

नेसरीच्या अलीकडं ओढ्याकाठी वसलेली ती वाडी मंगळवारी सकाळीच गणपतरावांच्या बांधावर गोळा झाली. साल चौऱ्याऐंशी, आश्विनाचे दिवस. शुक्रवारी जे भात हिरवंगार उभं होतं, ते आज पिवळंधमक होऊन माना टाकून होतं. शेजारच्या सगळ्या खाचरांत अजून हिरवा रंग आणि मधोमध हा एकच पिवळा तुकडा. आभाळात परतीच्या पावसाचे ढग जमत होते आणि गणपतराव मात्र उद्याच कापणी धरणार होते. म्हातारे हात जोडून उभे होते, बायका बांधावर हळदकुंकू वाहत होत्या.

या चमत्काराचे धनी भास्करनाथ महाराज बांधावरच पाट टाकून बसले होते. "सूर्याला भात पिकवायला महिना लागतो," ते सांगत होते, "म्हातारा झालाय तो. आम्ही त्याचं काम थोडं हलकं करतो, एवढंच." त्यांच्या मंत्रात थोडं संस्कृत होतं, थोडं कानडी होतं आणि उरलेला सगळा घशातला खर्ज. शिष्याच्या पाठीवर भगव्या कापडात गुंडाळलेला 'कमंडलू' असे. त्याला नळी होती, दांडा होता, आणि दांडा हलवला की तीर्थाचा फवारा उडे. उसावर औषध मारायचा पंप वाडीतल्या प्रत्येकानं पाहिलेला होता. पण कापड गुंडाळल्यावर त्याला पंप म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

गर्दीच्या मागं बनाबाई विळा घेऊन उभी होती. कापणीला जाणाऱ्या बायकांची टोळी ती चालवायची. पस्तीस वर्षं भात कापलेला हात तिचा. वाडीत तिला लहानथोर सगळे बनाक्का म्हणत. तिनं एक लोंबी ओढून दाणा दाताखाली धरला. पिकलेला दाणा कट्कन तुटतो. हा चुन्यासारखा भुगा झाला. तिनं वाकून बुडखा पाहिला. वरच्या पानांच्या आड राहिलेला भाग हिरवाच होता.

"अण्णा," ती गणपतरावांना म्हणाली, "हे पिकल्यालं न्हाय. हे भाजल्यालं हाय."

गणपतराव हसले. बनाक्का बौद्ध आहे, देव मानत नाही, म्हणून आता डोळ्यांवरही तिचा विश्वास उरला नाही काय, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. लोकही हसले. बनाबाईनं टोळीला उद्या कापणीला यायला सांगितलं. कापणीची मजुरी भातात मिळायची आणि टोळीतल्या नऊ घरांच्या चुली त्यावर होत्या.

बुधवार-गुरुवारी त्यांनी ते भात कापलं. शनिवारी पाऊस आला आणि इतरांचं उभं भात चिखलात लोळवून गेला. मग काय, उरलंसुरलं वाचवायला आणखी अकरा जणांनी महाराजांना शेतावर बोलावलं.

बनाबाईचा नवरा आकाराम दम्यानं जेरीस आलेला होता. एके काळी उंचापुरा, बोलका माणूस. आता दारातल्या दगडावर बसून खोकायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचं बोलणं ऐकायचा. गल्लीत दिवसभर महाराजांशिवाय दुसरा विषय नव्हता. जे पाणी चार दिवसांत शेत पिकवतं ते छातीतला कफ पिकवणार नाही होय, असं कुणीतरी त्याला म्हणालं. सोमवारी बनाबाई कापणीला गेल्यावर तो काठी टेकत महाराज उतरले होते त्या चावडीकडं गेला. महाराजांनी त्याची छाती चाचपली आणि सांगितलं, "शेताला आम्ही पाणी घालून देतो. माणसाला अस्सल लागतं." बाटलीतलं काळसर तीर्थ त्यांनी पाणी न घालता त्याच्या ओंजळीत ओतलं. आकारामानं डोळे मिटून दोन घोट घेतले.

दोन दिवस त्यानं हे लपवलं. उलट्या झाल्या, त्या त्यानं शिळ्या आमटीवर घातल्या. बुधवारी बनाबाईनं भाकरी पुढं केली तर त्याला तोंड उघडेना. तिनं चिमणी जवळ धरून पाहिलं. जिभेची साल गेली होती.

"बना, मी तीर्थ घेतलं," तो म्हणाला.

"मला सांगितलं का न्हाईसा?"

"प्रतिज्ञा मी तुझ्याआधी म्हटल्या हुत्या. कुठल्या तोंडानं सांगायचं?"

गडहिंग्लजच्या दवाखान्यात डॉक्टर मेहमुदा होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आकारामचं तोंड पाहिलं, लघवी तपासायला घेतली आणि बनाबाईला बाहेर बोलावलं. अशी जीभ त्यांनी याआधी दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा बांधावरचं गवत जाळायचं औषध प्यालेल्या माणसांची. पण हा माणूस तर तीर्थ म्हणतोय. ते तीर्थ थोडं आणता येईल का, असं त्यांनी विचारलं.

बनाबाईनं बहिणीला नवऱ्यापाशी बसवलं आणि पहिल्या एसटीनं वाडी गाठली. चावडीसमोर रांग होती. ती तांब्या घेऊन रांगेत उभी राहिली. सत्तावन्न साली दीक्षा घेतल्यापासून ती कुणाही बुवापुढं वाकली नव्हती. त्या दिवशी वाकली. आकारामला उतार पडलाय, आणखी थोडं अस्सल द्या, असं तिनं खाली बघून सांगितलं. महाराजांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, शेवटी हीसुद्धा आली." तिनं ते ऐकून घेतलं, तांब्यावर पदर झाकला आणि चालू लागली.

डॉक्टरांनी तिला गुऱ्हाळातली हायड्रोसची पूड आणायला सांगितली होती. गूळ पिवळा दिसावा म्हणून काहिलीत टाकतात तीच. ती गणपतरावांच्या गुऱ्हाळात मिळाली. डॉक्टरांनी काचेच्या नळीत तीर्थाचे चार थेंब आणि पाणी घेतलं, चिमूटभर सोडा घातला, वर हायड्रोस टाकली. बघता बघता नळी गडद निळी झाली. आकारामच्या लघवीत टाकली तर तीही निळी झाली.

"तेच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मावशी, मी खोटं सांगणार नाही. यावर उतारा नाही. आधी मूत्रपिंड जातं, मग फुप्फुसं आखडतात. प्राणवायूही बेतानंच द्यावा लागतो, जास्त दिला तर फुप्फुसं लवकर जळतात."

"किती दिस?"

"आठ. दहा. त्रास होऊ नये एवढं मी बघेन."

बनाबाईनं विचारलं, हे निळं करणं मला जमेल का? डॉक्टरांनी तिला दोनदा करून दाखवलं.

रविवारी चावडीपुढं दरबार भरला तेव्हा ती दोन काचेचे पेले घेऊन पुढं आली. एकात आडाचं पाणी, दुसऱ्यात पाण्यात मिसळलेलं तीर्थ. दोन्हींत सारखाच सोडा घातला, सारखीच हायड्रोस. पाणी पाणीच राहिलं. तीर्थ निळं झालं. गर्दी पुढं सरकली. गवत जाळायच्या औषधाची ही खूण आहे, दवाखान्यात हीच खूण नवऱ्याच्या लघवीत निघाली, हे तिनं आवाज न चढवता सांगितलं. या औषधानं कुठलंच पीक पिकत नाही. ते लागेल तेवढं हिरवं जळतं आणि जळालेलं पिकल्यासारखं दिसतं. म्हणून सावलीतला बुडखा हिरवा राहिला होता.

महाराजांनी दोन्ही हात वर केले. "निळकंठ! महादेवानं रंग दाखवला!" काही हात खरोखरच जोडले गेले.

"त्यो देव असंल, विष पचवत असंल," बनाबाई म्हणाली. "माझा नवरा माणूस हाय." तिनं पाटाजवळची त्यांचीच बाटली उचलून महाराजांपुढं ठेवली. "तीर्थ असंल तर तुम्ही एक घोट घ्या."

आज आपला उपवास आहे, असं महाराज म्हणाले. मग म्हणाले, तीर्थ स्वतःसाठी नसतं. मग पाटावरून उठायला लागले. गणपतराव इतका वेळ खाली बघत उभे होते. ते पुढं झाले आणि त्यांनी कमंडलूवरचं कापड ओढून काढलं. आतून पंप निघाला. महाराजांच्या खोलीत चार डबे सापडले, वरचे कागद खरवडलेले. एकावर अर्धा कागद शिल्लक होता.

पोलिसांपुढं महाराजांनी सगळं सांगितलं. ते सीमेपलीकडं एका शेतीऔषधांच्या दुकानात कामाला होते. बांधावरचं औषध वाऱ्यानं शेजारच्या भातावर गेलं की भात वाळतं, हे त्यांनी तिथं पाहिलं होतं. माणूस मरेल असं वाटलं नव्हतं, असंही ते म्हणाले.

आकाराम शेवटपर्यंत शुद्धीवर होता, तेच वाईट होतं. श्वास घेण्यातच त्याचा दिवस जायचा. एका दुपारी त्यानं विचारलं, लोक हसत असतील ना, बौद्ध होऊन तीर्थ प्यायला म्हणून. बनाबाईनं त्याच्या ओठांना ओला बोळा लावला. "दम लागला की माणूस कशालाबी धरतंय. मी असते तर मीबी धरलं असतं," ती म्हणाली. हे खरं नव्हतं. पण त्याचा चेहरा सैल पडला. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला.

बनाबाईच्या घरात मजुरीचं अर्धं पोतं भात होतं, टोळीतल्या बाकीच्या आठ घरांतही होतं. आकारामला दवाखान्यात नेल्यापासून तिनं त्यातला दाणा शिजवला नव्हता. पेंढा, भात आणि डब्यावरचा तो अर्धा कागद घेऊन ती पुन्हा डॉक्टरांकडं गेली. कागदावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांत उभ्या अन्नधान्यावर मारू नये असं लिहिलं होतं. पेंढा भिजवलेलं पाणी अगदी फिकं निळसर झालं. तांदूळ भिजवलेलं पाणी झालं नाही. बनाबाईच्या तोंडून सुस्कारा निघाला.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "रंग दिसला नाही म्हणजे विष नाही, असं नव्हे. ही तपासणी ओबडधोबड आहे. दाण्यात किती उरलंय आणि ते रोज पोटात गेलं तर काय होतं, हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि मोजायचं साधन माझ्याकडं नाही. मी असते तर खाल्लं नसतं."

आकारामच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी वाडी आली. गणपतराव मागं उभे राहिले होते. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी बनाबाईला सांगितलं, की त्यांचं भात तर विकून झालं. वीस पोती, ट्रक कोल्हापूरला गेला.

"मग जाऊन सांगा त्येनला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गणपतराव गेले. व्यापारी भला माणूस होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं. पण भात भरडून झालं होतं आणि तांदूळ दुसऱ्या तांदळात मिसळून दुकानांत पोचला होता. कुठल्या पोत्यात कुणाचा दाणा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. गणपतराव परतले ते थेट बौद्धवाड्यात आले. टोळीतल्या नऊ घरांना आपल्या जुन्या भातातून पोती द्यायचं त्यांनी कबूल केलं. मजुरीचं भात खड्ड्यात पुरलं, त्या अकरा जणांपैकी सात जणांनी आपलंही पुरलं. चौघांनी नाही पुरलं.

त्या चौघांच्या दारात बनाबाई स्वतः गेली. एका घरात तिला विचारलं, की आता आम्हाला कळणार कसं, कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही.

"मला तरी कुठं समदं कळतंय," ती म्हणाली. "पण कुणी तुमच्या शेतावर काय बी शिंपडायला आला, बुवा असू दे न्हायतर दुकानदार, तर त्याला इचारा. ह्यात काय हाय, कागद कुठं हाय, आणि हे शेतावर मारल्यावर दाण्यात किती ऱ्हातंय. तीन गोष्टी. सांगितल्या तर ऐका, न्हाय सांगितल्या तर त्याला बांधावर चढू देऊ नका. आमच्यात कुणी इचारलं न्हाय. मीबी दाणा चावून बघितला, आणि इळा चालवला."